गाडीची खोली

सासूबाईंच्या चिरंजिवांची गाडी चोरीला गेली ती त्यांनी स्वतः ढकलून दिली म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांनी ही हकिकत ज्याला त्याला इतकी रंगवून सांगितली की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं एकट्यानं टोळीशी दोन हात केले. दोन हात लावले होते खरे. दोन्ही गाडीच्या मागच्या बाजूला लावले होते, आणि चांगला जोर काढला होता.

चिरंजीव पन्नाशी ओलांडलेले. धंदा नळ, शॉवर आणि कमोडचा. दुकान मोठं आणि चालायचंही झकास. पण चारचौघांत कुणी ‘नळवाले’ म्हणून ओळख करून दिली की यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ज्या वस्तूवाचून सकाळी कुणाचं पान हलत नाही तिची एवढी लाज कशाला, हे त्यांच्या बायकोला कधी कळलं नाही. ही बायको म्हणजे सूनबाई. सासू तिला सूनबाई म्हणायची, मग शेजारी म्हणायला लागले, मग ती जिथे फार्मासिस्ट होती त्या औषधाच्या दुकानातले लोकही. तिचं अर्धं आयुष्य काउंटरपलीकडचे चेहरे वाचण्यात गेलेलं. झोपेच्या गोळ्या मागणाऱ्याला खरंच झोप येत नाही की तो थापा मारतोय, हे ती चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी ओळखायची. नवऱ्याला ओळखायला मात्र तिला वेळ लागला, कारण लग्नात मध्ये काउंटर नसतो.

तर नळवाल्याचा रसिक व्हावा म्हणून चिरंजिवांनी ही गाडी घेतली. कुणा एका सर्कसमालकानं आपल्या भरभराटीच्या दिवसांत कारागीर बसवून ती खास बनवून घेतली होती. जगात तशी दुसरी नाही, असं चिरंजीव सांगायचे. आणि नाही म्हणून जगाचं काही अडलेलंही नाही, असं सूनबाई मनात म्हणायची. रंग वांग्याचा, नाक लांबलचक, दिवे बशीएवढे. मागे एकच उंच मखमली खुर्ची, म्हणजे गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही मालक दिसावा. पाहुण्यांना सांगताना चिरंजीव सर्कस गाळून टाकायचे आणि ‘एका उमरावाची गाडी’ म्हणायचे. बॉनेटवर चांदीचा सिंह होता, तो त्या उमरावाच्या घराण्याचं चिन्ह. सिंहाच्या पायाखाली स्टूल होतं. स्टुलाबद्दल कुणी विचारलं की ते चहा आणायला सांगायचे.

गाडी चालायची का? छे, असं विचारायचं नसतं. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ होतं, आणि त्या मंडळात हा प्रश्न म्हणजे गावंढळपणाची हद्द. गाडी चालवतात ते ड्रायव्हर. हे लोक गाडी जपायचे. हात लावायचा तो पांढरे मोजे घालून. प्रदर्शनाला न्यायची ती बंद ट्रेलरमधून, ढकलत चढवायची आणि ढकलत उतरवायची. कुणाची गाडी किती वर्षांत सुरू झालेली नाही, यावर मंडळात त्याचा मान ठरायचा. चिरंजिवांच्या गाडीचं इंजिन कुणी ऐकलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांचा मान बराच वर होता आणि पुढच्या प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच, या आशेवर ते जगत होते.

आता खोलीचं सांगते. घर तीन मजली, अरुंद, जिना खडा. तळमजल्यावर रस्त्याला लागून जी मोठी खोली, ती सासूबाईंची. सासूबाई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. जन्मभर कानाला लोकांचे आवाज लावून घेतलेले, त्यामुळे शांतता त्यांना सोसत नसे. दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोलून जायचा. कुणाच्या पोरीचा निकाल, कुणाच्या जावयाची बदली, कुणाच्या कुत्र्याचं पोट. सगळं त्यांच्याकडे आधी यायचं. गुडघे साफ गेले होते, पण दार आणि रस्ता एकाच पातळीवर, म्हणून काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन यायच्या. तेवढ्यावर बाई खूश होती.

गाडी आली आणि तिला तीच खोली लागली. दुसरीकडे दमट, दुसरीकडे अरुंद, दुसरीकडे काय नि काय. रस्त्याकडची भिंत पाडून काचेचं सरकतं दार बसवलं, भिंतीला हवा थंड आणि कोरडी ठेवणारी यंत्रं लागली, आणि सासूबाईंची खाट सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली. जागेची सोय होईपर्यंत फक्त, असं चिरंजीव म्हणाले. आईला ते स्वतः सांगणार नव्हतेच, असली कामं त्यांनी कधी केली नाहीत. त्यांनी सूनबाईला सांगितलं, तू समजावलंस तर ती ऐकेल. आणि सूनबाईनं समजावलं. वर वारा छान येतो आई, म्हणाली, आणि काही दिवसांचाच तर प्रश्न आहे. हाताला धरून, एका एका पायरीवर थांबत, तिनंच त्यांना वर नेलं. त्यानंतर सासूबाई खाली उतरल्या त्या दवाखान्यात जाण्यापुरत्या, आणि तेही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून. वरच्या खिडकीतून रस्ता दिसायचा, पण माणसांची फक्त टाळकी दिसायची. टाळक्यांशी काय बोलणार?

सूनबाईनं या गोष्टीवरून घरात पुष्कळ वाद घातले. चिरंजीव वाद घालत नसत. ते हातमोजे घालून खाली जात आणि बॉनेट पुसत बसत.

चोर आले ते भर सकाळी, ऐन वर्दळीच्या वेळी. सूनबाईला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. बंद ट्रेलर, तिघे जण, कडक इस्त्रीचे एकसारखे कोट, पांढरे शुभ्र हातमोजे. त्यांचा म्होरक्या एक चष्मेवाला. मंडळाच्या निवड समितीकडून आलोय, म्हणाला. शेवटच्या फेरीतल्या गाड्यांचे फोटो स्टुडिओत काढायचे आहेत. शेवटची फेरी हे शब्द ऐकताच चिरंजिवांचा चेहरा असा काही फुलला की त्याच क्षणी त्यांच्याकडे घर मागितलं असतं तरी किल्ली काढून दिली असती. घाईघाईत दार उघडताना त्यांचा उघडा हात गाडीच्या पत्र्याला लागला. चष्मेवाला दोन पावलं मागे सरला, जणू त्याला चटका बसला. साहेब, तुम्ही मोज्यांशिवाय हात लावता? असं त्यानं इतक्या दुःखानं विचारलं की चिरंजीव लाजेनं लाल झाले. त्यांनी चोराची माफी मागितली, धावत जाऊन मोजे घातले, आणि मग स्वतः पुढे होऊन गाडी ढकलायला लागले. टायर ट्रेलरवर चढण्याआधी चोरांनी ते मऊ फडक्यानं पुसले. ते पाहून चिरंजिवांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी त्यांना इतकं समजून घेतलं नव्हतं. किल्ली दिली, पांघरूण दिलं, वर पॉलिशची बरणीही दिली, आणि बजावलं की दुसरं कुठलं लावू नका.

सूनबाईला मात्र पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. मंडळाची माणसं घरी येत तेव्हा तिच्या दिशेनं न बघता रिकामा कप पुढे करायची. या तिघांनी तिला नमस्कार केला होता. तुमचा खोळंबा तर होत नाही ना ताई, असंही विचारलं होतं. मंडळात इतकी सभ्य माणसं असणं शक्यच नव्हतं. त्यात चष्मेवाल्याची नजर गाडीवर कमी आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांवर जास्त होती. खोटी चिठ्ठी घेऊन आलेला माणूस असाच उभा राहतो. तिनं बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात गलबला ऐकून सासूबाई वरच्या जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या आणि कठडा धरून विचारत होत्या, कोण आलंय गं? चिरंजीव खालून ओरडले की आई, मध्ये येऊ नकोस. चष्मेवाल्यानं मात्र मोजे काढून खिशात घातले आणि जिना चढून वर गेला. आजी, बघायचंय का, म्हणाला, मग धरा माझा हात, घाई नाही. ज्याला जगात सगळ्यात जास्त घाई असायला हवी होती तो माणूस एकेका पायरीवर म्हातारीसाठी थांबत खाली आला, दारात खुर्ची टाकून तिला बसवलं आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून खुर्ची फिरवूनही दिली. समोरून जाणारी इस्त्रीवाली थबकली. अगंबाई, तुम्ही आहात अजून? असं म्हणत ती सासूबाईंच्या गळ्यात पडली. सासूबाई हसत होत्या, नाक पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या. सूनबाईनं ते पाहिलं आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. ट्रेलर कोपऱ्यावरून वळून गेला.

खरं काय ते कळलं संध्याकाळी, चिरंजिवांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन करून आभार मानले तेव्हा.

मग पोलीस आले. दरवाजा कुठे फोडला, असं फौजदारानं विचारलं. फोडला नव्हता. कुलूप? कुलूप यांनीच उघडलं होतं. गाडी चालवत कोण घेऊन गेलं? कुणीच नाही, ढकलली. कोणी ढकलली? इथे चिरंजिवांनी घसा साफ केला. फौजदारानं हसू दाबायला टोपी काढून पुन्हा घातली. गाडी शेवटची कधी सुरू केली होती, असं त्यानं सहज विचारलं, तर चिरंजीव अशा तुच्छतेनं त्याच्याकडे बघायला लागले की बिचाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळेना.

मंडळातले लोक भेटायला येऊन गेले. माना खाली घालून रिकाम्या खोलीत उभे राहिले, हळू आवाजात बोलले, आणि बाहेर पडल्यावर पहिल्या नंबरासाठी आता कोण, याची चर्चा करत गेले. अध्यक्ष म्हणाले की मोजे जरा स्वस्तातले असते तर यांना संशय आला असता. चिरंजिवांना ते पटलं. या लोकांना फसवायला अक्कल लागत नाही, चांगलं कापड लागतं, हे सूनबाईनं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

तिला पश्चात्ताप झाला का? मुळीच नाही. जराशी धाकधूक होती, पण तीही कामात विरून गेली, कारण दुसऱ्याच दिवशी तिनं हमाल बोलावून सासूबाईंची खाट खाली आणवली. खोली उघडी पडलीय, कुणीतरी तिथे असलेलं बरं, एवढंच नवऱ्याला सांगितलं. चिरंजीव दुःखात बुडालेले होते, त्यांनी मान हलवली. थंड हवेचं यंत्र बंद झालं, काचेचं दार सताड उघडलं आणि सासूबाईंची खुर्ची पुन्हा रस्त्याला लागली. बघता बघता सगळी वस्ती त्यांच्याभोवती जमू लागली. अडून राहिलेल्या बातम्या आल्या, कोण गेलं ते कळलं, कोण जन्मलं ते कळलं. गालांवर रंग आला, आवाज खणखणीत झाला. काठी टेकत एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जाऊन आल्या आणि त्याला वजनात मारल्याबद्दल झापूनही आल्या. सूनबाईला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट तिच्या जिवाला लागायची. चिरंजीव रोज संध्याकाळी दुकानातून आले की त्या खोलीत येऊन बसायचे. गाडी जिथे उभी असायची त्या फरशीकडे बघत, गुडघ्यांवर हात ठेवून, तासन्‌तास. सासूबाईंना वाटायचं, लेक आपल्यापाशी येऊन बसतोय. त्या त्याला टेलिफोन ऑफिसातल्या गमती सांगायच्या, त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगायच्या. तो हं, हं करायचा. एकदा सूनबाई चादर बदलत होती तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “बघ, गाडी गेली आणि माझा मुलगा परत आला.”

सूनबाईनं चादरीचं टोक गादीखाली खोचलं. काय बोलणार? तो तुमच्यासाठी येत नाही, फरशीवरच्या टायरच्या डागांसाठी येतो, हे सांगायला जीभ रेटेना. नवऱ्याचा तिला त्या घडीला असा काही राग आला की त्याचा चहा तिनं त्या दिवशी साखरेशिवाय केला. त्याला कळलंही नाही.

आणि मग गाडी सापडली. जगात तशी दुसरी नाही, हेच चोरांना नडलं. दाखवली की ओळखली जायची, त्यामुळे कुणी घेईना. आणि सुरूच होत नसल्यामुळे टाकून पळायचं म्हटलं तरी ढकलावी लागायची. शेवटी एका कोंबड्यांच्या शेडमध्ये ठेवून ते पसार झाले. फौजदाराचा फोन आला की गाडी धड आहे, ओरखडा नाही, फक्त सिंहाच्या डोक्यावर एक कोंबडी बसते ती उठायला तयार नाही. चिरंजीव फोनवरच रडले. वडील गेले तेव्हा हा माणूस रडला नव्हता, हे सूनबाईला आठवलं.

गाडी घरी यायच्या दिवशी ते सकाळीच नवे मोजे घालून तयार झाले. मंडळाचा ट्रेलर आला, मागोमाग अध्यक्ष आले, सभासद आले. रस्ता अडला, लोक जमले. गाडी उतरवून दाराशी आणली तेव्हा चिरंजीव आत आले. सासूबाई खाटेवर बसलेल्या, उत्सुकतेनं बाहेर बघत होत्या. लेकाला आनंद झालाय म्हणून त्यांनाही आनंद झाला होता.

“आई, चल, वर जायचंय,” चिरंजीव म्हणाले. “माणसं खोळंबलीत.”

“अरे, येऊ दे की गाडी,” सासूबाई म्हणाल्या. “माझी खाट ती केवढी? कोपऱ्यात सरकवा. एका बाजूला मी, एका बाजूला ती. तुलाही बसायला बरं. रोज येतोसच की माझ्यापाशी.”

चिरंजिवांनी बायकोकडे पाहिलं. ते काम तिचं होतं. ती कपाटाला टेकून उभी राहिली, जागची हलली नाही. तेव्हा त्यांना नाइलाजानं स्वतः बोलावं लागलं, आणि ते अगदी शांतपणे, समजावून सांगितल्यासारखं बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“असं नाही चालत गं, आई. माणूस झोपला की त्याच्या श्वासातून वाफ निघते. खोलीत दमटपणा वाढतो. तुझ्या श्वासानं रंग जाईल.”

“माझ्या श्वासानं?”

“कुणाच्याही. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. खरंच, ठेवला. जणू आत्तासुद्धा त्यांच्याकडून काही नुकसान होत होतं. मग त्यांनी काठी शोधली, ती सापडेना, म्हणून दुसरा हात तसाच सुनेपुढे केला. म्हणाल्या, चल बाई, ने मला वर.

सूनबाईनं तो हात धरला आणि त्यांना पुन्हा खाटेवर बसवलं.

“बसा, आई,” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “त्या दिवशी ते चोर आहेत हे मला कळलं होतं. गाडी ट्रेलरवर चढायच्या आधी.”

चिरंजिवांना आधी समजेचना.

“कळलं होतं? आणि तू गप्प बसलीस?”

“हो. तो माणूस आईंना हात धरून खाली आणत होता.”

“म्हणजे तू चोरांना सामील होतीस. माझ्या घरात राहून.”

“त्यांना नव्हते,” सूनबाई म्हणाली. “सामील मी तुम्हाला होते. आईंना वर कुणी नेलं? मीच ना? तुमच्यात आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी गोड बोलून नेलं. त्या चोरांनी माझ्यासमोर तुमची गाडी नेली, त्याची मला एक दिवस लाज वाटली नाही. याची रोज वाटते.”

चिरंजिवांनी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे, कारण तेवढ्यात बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला की अहो, ऊन थेट बॉनेटवर पडतंय. चिरंजिवांनी एकदा आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडेच बघत होती, तोंडावरचा हात अजून तसाच. मग त्यांनी वळून उन्हाकडे पाहिलं, खाटेवरची चादर ओढून घेतली आणि गाडीवर घालायला बाहेर धावले.

सासूबाईंनी हात तोंडावरून खाली घेतला. एक लांब श्वास आत घेतला आणि सावकाश सोडला. बाहेर त्यांचा मुलगा चादरीची टोकं नीट करत होता, आणि त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “दार सरकव आणि आतून कडी लाव.”

सूनबाईनं लावली.